आयोग बंद करा म्हणणाऱ्यांनो, आधी एकदा त्याच्याकडे अर्ज करून बघा

रानवाट
'दात नसलेले आयोग कशाला पोसायचे?' या धाग्यात चौकस यांनी राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला, म्हणजे आदिवासींच्या हक्कांसाठी राज्यघटनेनेच नेमलेल्या आयोगाला, टपालखातं म्हटलं. अर्ज घ्यायचा, पुढे ढकलायचा, संपलं; त्यापेक्षा बंद करा. ते वाचून रात्रभर डोकं तापलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

एका सरकारी बँकेत माझी बढती तीनदा डावलली गेली. बिंदुनामावलीत (रोस्टर, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे सांगणारा तक्ता) आमचा बिंदू रिकामा, तरी उत्तर ठरलेलं: 'पात्र उमेदवार नाही'. कोर्टात जायला पैसे नव्हते. आयोगाकडे दोन पानी अर्ज केला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३८ क खाली चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत, साक्षीला बोलावता येतं, कागद मागवता येतात. जो साहेब माझा फोन घेत नव्हता, तो रोस्टर काखेत मारून दिल्लीला गेला. सहा महिन्यांत बढतीचं पत्र हातात पडलं. टपालखातं असं काम करतं का?

चौकस
तुम्हाला न्याय मिळाला, आनंद आहे. पण साहेब घाबरला म्हणून मिळाला. तो अडून बसला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच इंडियन ओव्हरसीज बँकेच्या प्रकरणात सांगितलंय की हे अधिकार चौकशीच्या पद्धतीपुरते आहेत, आयोग मनाई हुकूम देऊ शकत नाही. तेव्हा अनुसूचित जाती-जमातींचा आयोग एकच होता. ८९व्या घटनादुरुस्तीने २००४ पासून वेगळा झाला, अधिकार तेवढेच राहिले. २०२२ मध्ये तर संसदेच्या स्थायी समितीनेच म्हटलं की आयोग चार वर्षं ठप्प आहे, संसदेत एकही अहवाल आलेला नाही.

रानवाट
ठप्प कुणी ठेवला? माणसं न नेमणाऱ्यांनी. त्याच २०२२ मध्ये वनसंवर्धनाचे नवे नियम आले आणि ग्रामसभेच्या संमतीआधीच केंद्राला वनजमीन वळवायला अंतिम मंजुरी देता येऊ लागली. तेव्हा आयोगाचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी पर्यावरण मंत्रालयाला लेखी विरोध कळवला.

चौकस
आणि मंत्रालयाने नियम बदलले? नाही. जून २०२३ मध्ये मुदत शिल्लक असताना चौहानांनी राजीनामा दिला. मी दुसरं काय म्हणतोय?

डोंगरमाथा
दिल्लीचं सोडा. आयोगाची सहा प्रादेशिक कार्यालयं आहेत, महाराष्ट्रात एकही नाही. आम्हाला भोपाळ. अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या माणसाने सुनावणीला जायचं तर किती दिवसांची मजुरी बुडवायची? माझ्या काकांची जमीन बिगर-आदिवासीने बळकावली. तहसीलच्या चकरा मारता मारता काका गेले. आयोग नावाचं काही असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

सातपुडा
मूळ रोग कुणी बोलतच नाही. बोगस, म्हणजे जमातीच्या खोट्या दाखल्यावर घुसलेले! महाराष्ट्रात आमच्या ७ टक्के आरक्षणातल्या १२,५०० जागा बोगसांनी अडवल्याचं सरकारी आकडाच सांगतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमातीचा दाखला अवैध तर नोकरी जाणार असं स्पष्ट केलं. सरकारने काय केलं? २१ डिसेंबर २०१९ चा जीआर काढून त्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा काढलेल्या पदांवर सांभाळलं. माझा भाऊ डी.एड. होऊन वीटभट्टीवर जातो.

टाकेदची_लेक
'बोगस' शब्द जपून वापरा. आम्ही ठाकूर जमातीचे. सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'ठाकूर'. माझ्या सख्ख्या दिराला जमातीच्या दाखल्याची वैधता आहे, माझ्या मुलीचं प्रकरण पडताळणी समितीकडे पाच वर्षं पडून. शहरात वाढलेल्या पोरीला विचारलं, तुमच्या लग्नात काय गातात, देव कोणते? तिला दोन उत्तरं आली नाहीत. मेडिकलची जागा गेली. ती चोर आहे का?

सातपुडा
ताई, प्रत्येक जण हेच सांगतो. नामसाधर्म्याचा फायदा घेऊनच घुसखोरी झाली. महादेव कोळ्यांच्या नावावर दुसरे कोळी आले, हलबांच्या नावावर कोष्टी.

टाकेदची_लेक
मी 'प्रत्येक जण' नाही! माझ्या आजीने भंडारदऱ्याच्या रानात हिरडा गोळा करून पोरं वाढवली. तुमच्या रागाची किंमत माझ्या मुलीने का मोजायची?

चौकस
सातपुडा, इथे तुम्ही चुकताय. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अ‍ॅफिनिटी टेस्ट (जमातीच्या चालीरीती, देव, गाणी विचारून घेतलेली परीक्षा) ही अंतिम कसोटी नाही. जुने कागद आणि वडिलांकडच्या रक्तनात्यातली वैधता आधी बघायची.

सातपुडा
निकाल तुमच्यासारख्यांना पाठ. आमच्या आश्रमशाळेत शिक्षक नाही, त्याचा निकाल कोण देणार?

रानवाट
ताई, समितीचा निकाल आयोगाला फिरवता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयच. पण पाच वर्षं निकालच देत नाहीत, ही तक्रार आयोगाकडे करा. दिराच्या वैधतेची प्रत आणि समितीची पोच जोडा.

चौकस
आणि त्याची वाट बघत बसू नका, उच्च न्यायालयात रिट करा. रानवाट, 'बंद करा' हे शब्द मागे घेतो. दात नाहीत, हे मात्र घेत नाही. भोपाळचं मला खरंच माहीत नव्हतं.

सातपुडा
ताई, तुमचे कागद खरे असतील तर पोरीला वैधता मिळो. पण १२,५०० जागांचं अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही.