मदत हवी आहे: गल्लीच्या आरोग्य निधीसाठी पुण्याहून ५० हजार येतायत, घेऊ कसे?

नमस्कार मंडळी. कोल्हापूर, मंगळवार पेठ. मंडळाचा खजिनदार आहे, म्हणजे शिव्या खायचं पद.

गेल्या वर्षी शेजारच्या काकी चक्कर येऊन मोरीत पडल्या. शुगर पार खाली गेलेली. औषधांची पिशवी कॉटवर ओतली, तर दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या आणि मागं बारीक अक्षरात दोन्हीवर ग्लिमेपिराइडच, म्हणजे शुगर उतरवायचं एकच औषध! एक नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी गुडघ्यासाठी ॲडमिट होत्या तिथली. एकाचा कागद दुसऱ्यानं बघितलाच नव्हता.

तेव्हापासून एक निवृत्त सिस्टर आठवड्यातनं तीन संध्याकाळी तालमीच्या माडीवर बसतात. शुगर-बीपी तपासतात, प्रत्येकाची एकच फाईल ठेवतात. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जा नाहीतर खाजगीत, तीच फाईल न्यायची. कुणी डिस्चार्ज होऊन आलं की घरी फेरी. गोळी स्वतः बदलत नाहीत, शंका आली की डॉक्टरांना फोन लावतात. खरं काम तेच.

मानधन ६,००० आणि शुगर तपासायच्या पट्ट्या वगैरे १,५००, महिन्याला ७,५०० लागतात. ६२ घरं, घरटी १०० ठरले, तरी पाच हजारांवर कधी जमलं नाही. गणपतीला हजाराची पावती फाडणारा माणूस इथं विचारतो, "फोन करायला पैसे कशाला?"

आता गल्लीतलाच, पुण्यात असलेला एक जण ५०,००० देतो म्हणतोय, पण ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळते ती पावती पाहिजे. मंडळ नोंदणीकृत नाही. वर्गणी सध्या माझ्याच यूपीआयवर येते, झोप लागत नाही. त्यात कमिटीतले काही म्हणतात, त्यातले २०,००० एका आजोबांच्या खुब्याच्या ऑपरेशनला द्या. मला पटत नाही, पण नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? आणि दोघं जण 'हिशेबासाठी' सिस्टरांची वही मागतायत. तिच्यात कुणाला काय आजार, सगळं आहे.

हिशेबनीस (प्रतिसाद): आधी स्वतःच्या यूपीआयवर वर्गणी घेणं बंद करा, आजच. नोंदणी नसताना वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१क खालची परवानगी लागते. गणपतीला मंडळं काढतात तीच. पण तिच्यावर ८०जी मिळत नाही. त्याला ट्रस्ट नोंदवून आयकर खात्याची वेगळी मान्यता घ्यावी लागते. तोवर एखाद्या जुन्या, ८०जी असलेल्या ट्रस्टला विचारा, तुमचं काम त्यांचा उपक्रम म्हणून चालवतील का. देणगी थेट त्यांच्या खात्यात, चेकनं. २,००० च्या वर रोख दिली तर सवलत नाही.

आजोबांचं म्हणाल तर रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलातल्या माणसाला, आरोग्यमित्राला भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, हे ऑपरेशन बसतं का ते तोच सांगेल. नाही बसलं तर धर्मादाय हॉस्पिटल. तिथं १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाचा दाखला लागतो.

वही अजिबात देऊ नका. किती जण आले, किती पट्ट्या लागल्या, एवढं कागदावर लिहून द्या.

धागाकर्ता: यूपीआय बंद केलं. दुपारी आजोबांच्या सुनेला रेशनकार्ड काढून ठेवायला सांगितलं, तर म्हणाली, "सिस्टरांनी परवाच सांगितलंय, झेरॉक्सपण झाली." वही त्या आता घरीच नेतात.

कोल्हापुरात आरोग्याचं काम करणारा, ८०जीवाला ट्रस्ट कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.