पाइक आणि मरळ: साम्य कुठे संपते

पाइक हा थंड प्रदेशांतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा आपल्या मरळीसारखाच दबा धरून बसणारा असल्याने दोघांनाही एकाच पद्धतीने पकडावे आणि सोडावे, हे मत मला निम्मेच पटते. शिकारीची सवय सारखी आहे. दोन्ही मासे पाणवनस्पतींच्या कडेला निश्चल राहतात आणि भक्ष्य टप्प्यात आले की झेप घेतात. मात्र मरळीला हवेतून श्वास घेण्याची सोय असते, म्हणूनच ठाण्याच्या बाजारात ती घमेल्यातल्या चार बोटे पाण्यात तासन्‌तास जिवंत दिसते. पाइक केवळ कल्ल्यांवर अवलंबून असल्याने छायाचित्रासाठी त्याला बराच वेळ बाहेर धरणे त्याच्या जिवावर बेतू शकते, विशेषतः उन्हाळ्यात तळ्याचे पाणी कोमट झालेले असताना.

राहिला तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचा प्रश्न: मरळीसारखाच तो पाइकसाठीही थेट आमिषाला बांधावा का? फिनलंडमध्ये मुलाकडे गेलो असताना मी इथल्याच सवयीने तंगूस थेट आमिषाला बांधला होता. पहिलाच पाइक होडीजवळ आला, त्याने एकदा डोके झटकले आणि माझ्या हाती कात्रीने कापल्यासारखे टोक तेवढे उरले. त्याच्या खालच्या जबड्यात मोठे सुळे आणि टाळूवर मागे वळलेल्या बारीक दातांच्या रांगा असतात, हे मला आधी ठाऊक असायला हवे होते. गळ त्याच्या तोंडातच राहिला, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून आमिषापुढे सुमारे ३० सेंटिमीटर पोलादी तार आणि गळ काढण्यासाठी लांब टोकाची पक्कड घेतल्याशिवाय मी पाइकच्या पाण्यावर गेलेलो नाही.