मदत हवी आहे: स्कूटरवर फिरताना रिव्हॉल्व्हर अंगावर कसं बाळगावं?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या वाळपईचा, काजूचा धंदा. मार्च ते मे बियांची खरेदी बरीचशी रोखीत चालते आणि सत्तरीतल्या वाड्यांवरून अंधार पडता पडता एकट्यानेच परतावं लागतं. परवाना रीतसर आहे. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं.

ते ठेवायचं कुठे? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात हवी. म्हणून होल्स्टर (अंगाला बांधायचं म्यान) घ्यायचंय; पैशांच्या पिशवीत टाकायचं नाही, आणि डिकी तर नकोच. पण होल्स्टर कसलं, कमरेला नेमकं कुठे, हे कुणी नीट सांगत नाही.

मला दाखवलं ते कापडी, वेल्क्रोचं, 'कुठलंही चालतं' म्हणून. बाहेरून दाबलं तर बोटाला चाप लागतो, आणि हत्यार काढलं की होल्स्टरचं तोंड मिटतं. चामड्याचं घ्यावं, तर घाम आणि आपली दमट हवा. शिवाय स्कूटरवर शर्ट वर सरकतो, आणि पोटही थोडं पुढे आहे (हसू नका). अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद १
भाऊ, काजूवाले यूपीआय घेत नाहीत का अजून?

धागाकर्ता
घेतात हो, पण रेंज कुठे असते रानातल्या वाड्यावर! आणि म्हाताऱ्यांना नोटाच हातात हव्या असतात.

प्रतिसाद २
फोंड्याहून, निवृत्त फौजी. ते कापडी आजच परत करा. चाप आणि त्याभोवतीची कडी कडक चामड्याने किंवा पॉलिमरने पूर्ण झाकली गेली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. तुमच्याच मॉडेलच्या मापाचं घ्या. हत्यार काढल्यावरही तोंड उघडं राहील असं, आणि वरून बटणाची पट्टी असलेलं, कारण आपल्या रस्त्यांचे खड्डे तुम्हाला माहीत आहेतच. कमरेचा पट्टा जाड घ्या. पातळ पट्ट्यावर होल्स्टर बाहेर कलतं, मग कितीही सैल शर्ट घाला, उठून दिसतंच.

जागा म्हणाल तर उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित मागे. पाठीच्या मधोमध अजिबात नको, स्कूटर घसरली तर लोखंड थेट मणक्यावर. पोटाशी ठेवाल तर बसल्यावर नळी मांडीकडे वळते आणि तुमच्या पोटाला ते टोचेलही (हसलो नाही).

अपघात जास्त होतात ते परत आत घालताना. घाई करू नका. बोट चापाबाहेर, नजर होल्स्टरवर, शर्टाची कड किंवा दोरी आत गेलेली नाही ना ते बघा. सराव रिकाम्या हत्याराने करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

चामडं ओल धरतं, म्हणून रात्री हत्यार त्यात ठेवू नका. पुसून तेलाचा हलका हात फिरवा आणि कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि हंगाम हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) आहे. ज्या दिवशी एक घोट जरी घ्यायचा असेल, त्या दिवशी हत्यार घरी.

प्रतिसाद ३
परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते बघा. फक्त गोव्यापुरता असेल तर माल घेऊन चोर्ला घाटाने बेळगावला जाताना हत्यार सोबत नेता येणार नाही. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येते, तेव्हा पावती जपून ठेवा.

धागाकर्ता
देव बरें करूं सगळ्यांचं. परवान्यावर गोवाच आहे, हे डोक्यातच नव्हतं. आता मापाने शिवून देणारा कारागीर म्हापशात किंवा फोंड्यात कुणाला माहीत आहे का? आणि माप द्यायला हत्यार दुकानात न्यावं लागेल का?

प्रतिसाद २
न्यायची गरज नाही. पूर्ण रिकामं करून, दोनदा तपासून जाड पुठ्ठ्यावर आडवं ठेवा आणि पेन्सिलने बाह्यरेषा काढा. जाडी वेगळी मोजून लिहा, गोळ्यांच्या चाकाची जास्त असते. कारागिराचं विचारून कळवतो.