कासचं पठार: राबायचं गावानं, ठरवायचं कुणी?

घाटवाट:
फुलांचा हंगाम आला की साताऱ्याजवळच्या कास पठाराबद्दल एकच ओरड, गर्दी फार आणि तिकीट कशाला. मला खटकतं ते वेगळंच. पठार राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारसा. तिकीट फाडणं, गाड्या लावून घेणं, प्लास्टिक वेचणं, फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना उठवणं, हे सगळं कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांतली पोरं करतात, संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या, म्हणजे वनखातं आणि गाव यांच्या सामायिक समितीच्या नावानं. पण वनखात्याच्या होकाराशिवाय मोठा निर्णय हलत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क मिळाला, तिथं बांबूचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. मग कासलाच का नको?

सातारकर७:
कारण बांबू तोडला तरी पुन्हा फुटतो. इथं जांभ्या खडकावर वीतभरही माती नाही, एकदा तुडवली की संपलं. दिवसाला ३ हजार माणसांची मर्यादा, ज्याच्या गल्ल्यात पैसे पडतात त्यानं स्वतःहून घातली असती? कासच्या रस्त्यावरची हॉटेलं बघा. त्या जमिनी विकल्या कुणी?

घाटवाट:
विकल्या, खरं आहे. पण घेतल्या कुणी, तेही बोला. आणि कुंपणाचं काय? तारा ठोकल्या, गुरं बंद झाली, गवत माजलं, बुटकी फुलं त्याखाली दबली. गावातले म्हातारे सांगत होते, काही अभ्यासकही. शेवटी काढलंच ना कुंपण? ज्यांच्या म्हशी तिथं पिढ्यान्‌पिढ्या चरल्या, त्यांना आधी विचारायला काय हरकत होती?

पानफूल:
सगळं खापर कुंपणावर नको. गुरं चरल्यानं गवत आटोक्यात राहतं आणि गेंद, सीतेची आसवं अशा बुटक्या फुलांना ऊन मिळतं, इथवर मान्य. पण इथल्या जावळी तालुक्यातली तरणी माणसं मुंबईत माथाडी करतात. तारा निघाल्या म्हणून म्हशी येतील कुठून? शिवाय टोपली कारवीचं झुडूप सात वर्षांनी फुलतं आणि समिती हिशोब करते एका हंगामाचा. मधल्या सहा वर्षांची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. ते काम ग्रामसभेच्या ठरावानं होत नाही, त्याला शिकलेलं माणूस लागतं.

एकीवचा जावई:
सासुरवाडी तिथलीच म्हणून बोलतो. ऑगस्ट-अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत पोरांना रोजंदारी मिळते. वणवा लागतो फेब्रुवारी-मार्चात, तेव्हा तिकीटघराला कुलूप. तरी आग विझवायला धावतात तीच पोरं, फुकट. हक्काचा कागद मागाहून बघू, आधी बारमाही मजुरी द्या.

सातारकर७:
द्या की. मग तिकीट वाढेल, आणि पहिली बोंब पुण्या-मुंबईवालेच मारतील.

घाटवाट:
मारू दे बोंब. किती वाढवायचं ते मात्र गावात बसून ठरू दे.