प्रतिसाद: बॅटरी बदलण्याआधी पाणी बघा

कोथरूडला वीज गेली की दोन पंखे, दोन लॅपटॉप आणि राउटरवर इन्व्हर्टर दीड तासात मान टाकतो, मग बॅटरी बदलावी का, असा प्रश्न आहे. हा लोड साधारण २८० वॅटचा. बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास), म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. तूट धरून १२०० तरी हाती लागतात. चार तास चालायलाच हवं, त्यामुळे फ्रिज त्याच लाइनवर नाही ना, हे आधी तपासा.

मग बॅटरीतलं पाणी. फ्लोट (झाकणावरची पाण्याची पातळी दाखवणारी दांडी) लाल खुणेजवळ असेल तर आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या असू शकतात. उघड्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता घटते. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी कृपा करून नको, त्यात क्षार उरतातच. आधी प्लेटा जेमतेम बुडतील इतकंच, पूर्ण चार्जिंगनंतर हिरव्या खुणेपर्यंत. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन फरशी खातं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरशीसारखा थर दिसला तर इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्ह वायर काढा. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने ब्रश मारा, झाकणं मात्र घट्ट हवीत. सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. कोरडं करून नट आवळा, वरून व्हॅसलिन.