पुट केलं आणि दादर गेलं: मॅपचे अनुभव सांगा

धाग्याला निमित्त कालचं. आमच्याकडे नवा लागलेला मुलगा लोकलच्या स्थानकांचं छोटं अ‍ॅप करतोय. जावाचा हॅशमॅप, म्हणजे की (शोधायची खूण) आणि तिची व्हॅल्यू (साठवलेली माहिती) अशा जोड्यांचा तक्ता. स्थानकाचं नाव ही की, मार्ग ही व्हॅल्यू. आधी पश्चिम रेल्वे भरली, मग मध्य. थोड्या वेळाने आला, "दादा, पश्चिमेवर दादर दिसतच नाही." दिसेल कसं? दादर दोन्ही मार्गांवर, की मात्र एकच. की आधीपासून असली तर पुट (मॅपात टाकायची आज्ञा) मुकाट्याने जुनी व्हॅल्यू काढतो आणि नवी ठेवतो. काढलेली व्हॅल्यू परत हातात देतो खरा, पण ती बघतो कोण!

रेल्वेचं काम पक्कं आहे. पश्चिमेच्या दादरचा स्थानक-कोड डीडीआर, मध्यच्या दादरचा डीआर. फलाटांची अक्कल मात्र डिसेंबर २०२३ मध्ये आली. तोवर दादरला एक नंबरचे फलाट दोन होते आणि चुकीच्या एकवर उभं राहून मीही गाड्या सोडल्यात.

तर मॅपात काही टाकताना तुमची कशी फजिती झाली? येऊ द्या.

विरार_स्लो: नुसतं दादर नाही हो. हार्बर मार्ग भरा, वांद्रे आणि अंधेरीही जातील. आणि तिथे नावाऐवजी स्थानक-कोडची की करून भागणार नाही, कारण स्थानक एकच आहे, मार्ग दोन. व्हॅल्यूच लिस्ट हवी. कम्प्यूटइफअ‍ॅब्सेंटने की नसेल तर रिकामी लिस्ट ठेवायची आणि मिळालेल्या लिस्टमध्ये मार्ग अ‍ॅड करायचा. एका ओळीचं काम.

भांडुपची: गो लँग्वेजमध्ये नवी होते. मॅप डिक्लेअर केला, मेक करायला, म्हणजे तो प्रत्यक्षात तयार करायला विसरले. असा निल (न बनलेला) मॅप वाचताना गोड वागतो, गुपचूप शून्य देतो. माझ्या सगळ्या टेस्ट वाचायच्याच, त्यामुळे सगळं हिरवंगार. लाइव्ह गेल्यावर पहिली की टाकली आणि पॅनिक, प्रोग्रॅमच कोसळला. शुक्रवार होता, अर्थातच. घरी पोचले तेव्हा वरणभात गार.

निवृत्त_काका: आमचं सी प्लस प्लस. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब मीच लिहिलाय: फ्लॅट नंबर आणि भरलेले रुपये. एकदा ६०५ ऐवजी ७०५ टाइप झालं. मी फक्त विचारत होतो हो, भरलेत का म्हणून! पण चौकोनी कंसात विचारलं की मॅप नसलेली की तयारच करतो. वार्षिक सभेत यादी वाटली, शेवटी "७०५ – शून्य". इमारत सहा मजली. एक सभासद उठले, "सातवा मजला कधी चढवलात? आणि पार्किंग कुणाला दिलंत?" अर्धा तास त्यावरच गेला. तेव्हापासून विचारायचं असेल तर फाइंड. आणि एक, आमच्याकडचा इन्सर्ट तुमच्या पुटसारखा नाही. की असेल तर जुन्या व्हॅल्यूला हातही लावत नाही.

भांडुपची: काका, ७०५ वाल्यांना थकबाकीची नोटीस गेली का?

निवृत्त_काका: तयार झाली होती.

चहाबाज: जावास्क्रिप्ट. मॅप घेतला आणि सवयीने चौकोनी कंसात भरला. साइझ शून्य! माल ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीत जाऊन बसला, मॅपाला पत्ताच नाही. मॅपाची सेट ही आज्ञा वापरा. इतकंच.

फलाट_सहा: माझं सगळ्यात वाईट. जावाच, पण की म्हणजे स्थानकाचं अख्खं ऑब्जेक्ट, हॅश (की कुठल्या खणात जाईल ते ठरवणारा आकडा) नावावरून काढलेला. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. मी शहाणपणा करून मॅपात बसलेल्या ऑब्जेक्टचंच नाव बदललं. छापून बघितलं, प्रभादेवी दिसतंय. गेट करून मागितलं, नल (म्हणजे काहीच नाही). जुन्या नावाने मागितलं, तरी नल! खण जुन्या हॅशचा, आत नाव नवं. नव्या नावाने खणच चुकतो, जुन्या नावाने खण मिळतो पण इक्वल्स (दोन की सारख्या का, ही तपासणी) जुळत नाही. रिमूव्हलाही सापडेना. दोन दिवस मी कॅशला (आधीची उत्तरं जपून ठेवणाऱ्या साठ्याला) शिव्या घालत होतो. आधी की काढायची, मग नाव बदलायचं, मग परत पुट. आता तर ज्याचं काही बदलू शकतं ते मी की म्हणून घेतच नाही.

नवा_लागलेला: तो मुलगा मीच. दादा, की आता स्थानक-कोडवर नेली आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण आधी पुटच्या जागी पुटइफअ‍ॅब्सेंट (की नसेल तरच टाकणारी आज्ञा) टाकून पाहिलं होतं. पश्चिमेचं दादर परत आलं, मध्यचं गेलं.