२० × १० फुटी होर्डिंगवर मराठीत नेमकं किती लिहावं?

पाटा_वरवंटा
कांदा-लसूण मसाल्याचं छोटं उत्पादन आहे. राज्य रस्त्यालगत २० फूट रुंद, १० फूट उंच होर्डिंग तीन महिन्यांसाठी मिळतंय. गाड्या साधारण ताशी ६० किमीने जातात. तयार डिझाइनमध्ये पुडी, मिसळीची वाटी, ‘बोटं चाटत राहाल’ ही ओळ, पाच प्रकारांची यादी, दोन फोन नंबर, पत्ता आणि क्यूआर कोड आहे. काय ठेवावं? अमूलसारखी कोटी करावी का?

शिरोरेषा
आधी गणित करा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. बोर्ड १०० मीटरवरून दिसत असेल तर हातात सहा सेकंद, आणि चालवणाऱ्याची नजर तेवढा वेळही बोर्डावर नसते.

सहज वाचता यावं म्हणून दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर धरतात. १०० मीटर म्हणजे ३२८ फूट, म्हणून अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत ३३ इंच हवं. इथेच मराठीत फसगत होते: इंग्रजी कॅपिटल अक्षरांचा हिशोब तसाच लावला जातो. आपल्याकडे वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. एका ओळीला अक्षराच्या पावणेदोन पट उंची सोडा, म्हणजे ५८ इंच. बोर्ड १२० इंचांचा. अर्धा एका ओळीतच संपला!

म्हणून पुडी, ब्रँडचं नाव आणि एकच मोठा शब्द ठेवा. तुमच्या मालाला ‘ठसका!’ चालेल. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, खाली उकार नाही. यादी, फोन नंबर, पत्ता, क्यूआर काढा. चालत्या गाडीतून क्यूआर स्कॅन करायला लावणं धोक्याचंही आहे.

परीक्षा सोपी आहे. डिझाइन २८ × १४ सेंमी छापून भिंतीवर लावा आणि १५ फुटांवरून तीन सेकंद बघा. १०० मीटरवरून बोर्ड तेवढाच दिसतो. डिझाइन आधी न पाहिलेल्या माणसाला विचारा.

पाटा_वरवंटा
नंबर काढला तर माल कुठे मिळतो ते कसं कळणार? पुडी लाल आहे, म्हणून मागचा रंगही लालच घेतलाय.

फ्लेक्स_ते_फ्रेम
दुकान त्याच रस्त्यावर असेल तर नावाखाली बाण आणि ‘२ किमी’ एवढं पुरे. लालावर लाल पुडी विरघळते. मागे सपाट पिवळा घ्या, अक्षरं काळी. पुडीवर मिरची असेल आणि तिचा देठ कटआउट करून चौकटीच्या वर काढला तर आकार लांबून ओळखू येतो, पण वाऱ्याचा जोर वाढतो. आधी सांगाडा बांधणाऱ्याला विचारा आणि परवानगीत तो वाढीव भाग बसतो का तेही पाहा.

फाइल एक-दशांश मापात, २४ × १२ इंच, ७२० डीपीआय (दर इंचाला ७२० ठिपके). पूर्ण मापात ते ७२ होतं, एवढ्या अंतराला भरपूर. चारही बाजूंना पूर्ण मापातले ४ इंच कोरे सोडा, ते फ्रेमवर वळवण्यात जातं. मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे फॉन्टविना नुसते आकार करून द्या (कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू), नाहीतर प्रेसच्या संगणकावर फॉन्ट बदलतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. पुडीचा फोटो व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्लेक्स सैल पडला की वाऱ्यात फडफडून कडेपासून फाटतो, आठवड्याने पुन्हा ताणून घ्या.

रंगरेषा
कोटीबद्दल. अमूलची मोहीम १९६६ पासून चालू आहे. सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांची कल्पना, युस्टेस फर्नांडिस यांनी चितारलेली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी. तिथे मुलगी, अक्षरांची धाटणी आणि खालची सही ठरलेली असते, बदलते ती ताज्या घडामोडीवरची ओळ. कोटी कळली नाही तरी जाहिरात कोणाची हे कळतंच. नव्या ब्रँडला ती ओळख अजून मिळालेली नसते, आणि एकच फ्लेक्स तीन महिने राहणार असेल तर बातमीवरची कोटी आठवड्यात शिळी होते. तुम्ही आत्ता पिवळा रंग, तो देठ आणि नावाचं एकच वळण पक्कं करा. पुडी, टेम्पो, दुकानाची पाटी, सगळीकडे तेच. पुढच्या फ्लेक्सला ‘ठसका!’च्या जागी दुसरा शब्द घाला, बाकी काही हलवू नका.